नाव कोणाचं द्यायचं?



गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या दिरांच्या सुनेनं नोकरीचा अर्ज भरायला घेतला. लग्नाआधी तिनं पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात तीन वर्षं काम केलेलं. मग लग्न, दोन मुलं, आजेसासूबाईंचं आजारपण, यात सात वर्षं निघून गेली. धाकटा आता शाळेत जायला लागला, म्हणून गावातल्याच एका शाळेत हिशेबाच्या जागेसाठी अर्ज. शिक्षण, अनुभव, संगणकाचं ज्ञान, सगळं भराभर लिहून झालं आणि शेवटच्या चौकटीपाशी पोरीचं पेन थांबलं. तिथं मागितलं होतं: नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींची नावं, पत्ता, फोन नंबर आणि त्या तुम्हाला कधीपासून व कशा ओळखतात.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली होती. सगळे सोप्यात बसलेले. मग काय, प्रत्येकाजवळ एक नाव! दीर म्हणाले, "माजी नगरसेवकांचं टाक, ते आपल्या शब्दाबाहेर नाहीत." जाऊबाई म्हणाल्या, "बस्तीच्या ट्रस्टच्या अध्यक्षांचं टाक, गावात मान आहे." पुतण्याला एक मोठे डॉक्टर आठवले. आणि मग कोणीतरी हळूच म्हणालं, "सात वर्षं रिकामी दिसतात. मार्केट यार्डातल्या आपल्या ओळखीच्या अडत दुकानाचं अनुभवपत्र करून घेऊ. फोन आला तर ते हो म्हणतील." कोण म्हणालं ते लिहीत नाही. कारण ते ऐकून घरात कोणीच 'नको' म्हटलं नाही, आणि पहिला क्षणभर मीसुद्धा गप्पच बसले.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. "मोठ्या आई, तुम्ही बी.कॉम. ना? तुम्ही सांगा."

मी तिला जे सांगितलं ते, आणि जे त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगवलं नाही ते, आज इथं लिहिते आहे.

आधी आपल्याला पक्की ठाऊक असलेली गोष्ट घ्या. घरात मुलीसाठी स्थळ आलं की आपण चौकशी कोणाकडे करतो? मुलाच्या मामाकडे कधीच नाही. मामा चांगलंच सांगणार. गावच्या पुढाऱ्याकडेही नाही, त्याला त्या घरातलं काय माहीत! आपण भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारणीकडे जातो. त्याच्या दुकानातल्या जुन्या दिवाणजींना गाठतो. माणूस रोज कसा वागतो हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय, त्याचाच शब्द आपण धरतो. मग शाळेनं किंवा कंपनीनं वेगळं काय मागितलंय? त्यांनाही शेजारीणच हवी आहे, कामातली शेजारीण. आणि आपण त्यांच्यापुढे मामा उभा करतो.

गोंधळ का होतो तेही सांगते. आपल्या वेळी दाखले वेगळे होते. कॉलेज सोडताना प्राचार्यांचा वर्तणुकीचा दाखला मिळे, राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागे. आजही सरकारी नोकरीत निवड झाल्यावर भरायच्या साक्षांकनाच्या नमुन्यात आपल्या भागातल्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं द्यावी लागतात. पासपोर्टच्या अर्जातही दोन नावं असतात. तिथं शेजारी चालतात, प्रतिष्ठित गृहस्थ चालतात, कारण तिथला प्रश्न आहे की तुम्ही इथं राहता का आणि लोक तुम्हाला ओळखतात का. खाजगी नोकरीच्या अर्जातल्या नावांचं काम निराळं आहे. तिथून फोन येतो तेव्हा विचारतात: ही तुमच्याकडे कधीपासून कधीपर्यंत होती, काय काम करत होती, कामात कशी होती, सोडून का गेली, परत संधी आली तर घ्याल का? आता सांगा, नगरसेवक यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार? "चांगल्या घरातली मुलगी आहे" एवढंच म्हणणार. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की या बाईजवळ काम पाहिलेलं माणूस नाही.

बी.कॉम.ला आम्हाला हुंडीचे प्रकार पाठ करावे लागत. दर्शनी, मुदती, धनीजोग, जोखमी आणि शाहजोग. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं, पण त्यातली शाहजोग हुंडी आयुष्यभर मनात राहिली. या हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हाती देत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शहानं ती पुढे केली तरच पेढी पैसे मोजायची. आणि पुढे ती हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर रक्कम परत करायची जबाबदारी त्या शहावर यायची. म्हणजे तो नुसता ओळखीचा माणूस नव्हता. आपली पत तो दुसऱ्याच्या कागदाला लावत होता. आपल्या वाडवडिलांचे व्यापार असल्या शब्दावर चालले. आज अर्जात नाव देणाऱ्याला पैसे भरावे लागत नाहीत, पतसंस्थेच्या जामीनदारासारखी त्याच्या दारात नोटीस येत नाही, म्हणून आपण ते नाव फुकट समजतो. ते फुकट नसतं, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं कापडाचं घाऊक दुकान होतं. त्यांना गल्ल्यावर बसायला माणूस हवा होता. आमच्या दूरच्या नात्यातल्या एका मुलानं माझं नाव सांगितलं आणि मग मला त्यांचा फोन आला, "कसा आहे हो मुलगा?" हा मुलगा दोन ठिकाणांहून पैशाच्या भानगडीत सुटला होता, हे मला माहीत होतं. पण त्याची आई आदल्याच दिवशी माझ्यापुढे रडून गेली होती. मी म्हटलं, "अगदी आमच्या घरातला समजा, डोळे झाकून ठेवा." पाच महिन्यांनी त्या दुकानात रोकड कमी भरली. मुलगा गेला. बाईंनी मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त त्यांचे फोन बंद झाले.

त्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीला मी त्यांच्या घरी गेले. सगळ्या गावाला 'उत्तम क्षमा' म्हणणं सोपं असतं, पण ज्याचं आपण खरोखर नुकसान केलं त्याच्या दारात उभं राहून म्हणणं फार जड जातं. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पैशाचं काही नाही हो. तुम्ही सांगितलंत म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. मला वाटलं होतं, मी एका आईवर दया केली. प्रत्यक्षात माझ्या शब्दामुळे एका बाईनं आपलं दार तपासायचं सोडलं. आणि त्या मुलाचंही मी भलं केलं नाही. गल्ल्याऐवजी गोदामात माल मोजायचं काम त्याला मागितलं असतं, त्याच्या आधीच्या चुकीसकट मागितलं असतं, तर कदाचित तो सुधारलाही असता.

आता धर्माकडे येते, कारण हा विषय मला व्यवहाराइतकाच व्रताचा वाटतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत, ते आपण पर्वात दरवर्षी ऐकतो. त्यातला एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणं. प्रवचनात हा शब्द आला की आपल्याला खोटी दस्तऐवजं करणारे लबाड लोक आठवतात. न केलेल्या नोकरीचं अनुभवपत्र म्हणजे दुसरं काय आहे? आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थाला सांगितलं आहे की स्थूल असत्य स्वतः बोलू नये आणि दुसऱ्याकडून बोलवूही नये. मला हे 'दुसऱ्याकडून बोलवणं' फार महत्त्वाचं वाटतं. अर्जात खोटं नाव घालणारी मुलगी स्वतः फोनवर खोटं बोलत नाही. ते बोलायला ती दुसऱ्या कोणाला तरी लावते. कृत, कारित, अनुमोदना हे आपण आलोचना करताना रोज म्हणतो. त्या संध्याकाळी आमच्या सोप्यात ते तिन्ही हजर होते. पत्र लिहून देणारा अडत्या कृत, ते मागायला जाणारी सून कारित, आणि 'नको' न म्हणणारे आम्ही सगळे अनुमोदना.

व्यवहारातही ते टिकत नाही. पगाराची स्लिप मागतात, बँकेचं पासबुक मागतात, मोठ्या आस्थापना पीएफची नोंद पाहतात. सात वर्षांचा पगार कुठे जमा झाला, याला काय उत्तर द्यायचं? आणि समजा टिकलं, तर रोज सकाळी त्या शाळेत जाऊन मुलींच्या फीचे हिशेब लिहिताना मनात काय राहील?

मी सुनेला विचारलं, "तुझं काम कोणी पाहिलंय?"

ती म्हणाली, "ऑफिसात एक सिनियर अकाउंटंट होते. पण ते फार रागवायचे. व्हाउचर नीट लावलं नाही की फाइल परत टेबलावर आपटायचे."

मी म्हटलं, "मग त्यांनी तुझं प्रत्येक व्हाउचर पाहिलंय. त्यांचंच नाव दे."

"सात वर्षांत दिवाळीचा मेसेजसुद्धा केला नाही. आता कामापुरता कसा फोन करू?"

इथं मला आपल्या सगळ्यांचं दुखणं दिसलं. लग्न झालं की आपण माहेरचं आडनाव सोडतो, फोन नंबर बदलतो आणि त्यासोबत कामातली सगळी माणसंही सुटतात. माहेरची माणसं राहतात, कारण सणवार असतात. ऑफिसातल्या माणसांना कोणता सण? माझी तरुण मुलींना कळकळीची विनंती आहे, नोकरी सोडताना तिथल्या दोन माणसांचे नंबर जपून ठेवा. वर्षातून एकदा खुशाली कळवा. यात स्वार्थ नाही, त्यांनी आपल्याला काम शिकवलेलं असतं.

तिनं घाबरत फोन केला. त्या गृहस्थांना पहिल्यांदा ओळखच पटली नाही, कारण तिनं सासरचं आडनाव सांगितलं होतं! माहेरचं सांगितल्यावर लगेच आठवलं. म्हणून हे लक्षात ठेवा: जुन्या ऑफिसातल्या माणसाला आपलं आताचं नाव सांगून ठेवायचं आणि अर्जात माहेरचं नावही लिहायचं. नाहीतर शाळेतून फोन गेला की ते म्हणणार, "या नावाचं आमच्याकडे कोणी नव्हतं."

दुसरं नाव आमच्या महिला मंडळाच्या खजिनदार बाईंचं दिलं. त्या आमच्या नात्यात नाहीत. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या बायका सम्मेदशिखरजीला गेल्या होत्या, तेव्हा सगळा हिशेब या मुलीनंच ठेवला होता. रेल्वेची तिकिटं, धर्मशाळा, भोजनशाळेच्या पावत्या, डोलीवाल्यांचे पैसे, सगळं वेगवेगळं लिहिलं. परत आल्यावर प्रत्येकीला उरलेले १४० रुपये पाकिटात घालून दिले, वर चिठ्ठीवर जमाखर्च. हे काम नाही का? पगार मिळाला नाही म्हणून ते रिकामं वर्ष कसं झालं? सात वर्षांच्या जागी तिनं सरळ लिहिलं, 'मुलांचं संगोपन आणि घरातील आजारपण यासाठी नोकरी केली नाही. या काळात महिला मंडळाच्या यात्रेचे हिशेब सांभाळले.' एवढंच. खरं लिहायला दोन ओळी पुरल्या.

नाव निवडताना आणखी काही गोष्टी मी तिला सांगितल्या. विचारल्याशिवाय कोणाचंही नाव आणि नंबर लिहायचा नाही. न दिलेलं घेऊ नये, हे आपल्याला अचौर्यानं शिकवलंय, मग दुसऱ्याचा फोन नंबर तरी न विचारता कसा वाटायचा? विचारताना त्यांना 'नाही' म्हणायला जागा ठेवायची. कोणी आढेवेढे घेतले तर आग्रह करायचा नाही. मनात नसताना दिलेला शब्द फोनवर लगेच ओळखू येतो. जागा कोणती आहे, काम काय आहे ते त्यांना सांगायचं आणि आपला अर्ज दाखवायचा, म्हणजे ते एक आणि आपण एक असं व्हायचं नाही. सध्या जिथं नोकरी चालू आहे तिथल्या साहेबांचं नाव त्यांच्या नकळत द्यायचं नाही. आणि निकाल काहीही लागो, नंतर त्यांना कळवायचं. हे आपण हमखास विसरतो.

आता ज्यांचं नाव दिलं जातं, म्हणजे माझ्यासारख्या वयाच्या बायका, त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याला सगळ्यात जास्त विचारणा होते ती घरकामाच्या आणि स्वयंपाकाच्या बायकांबद्दल. "ताई, नवीन बिल्डिंगमध्ये काम बघतेय, तुमचं नाव सांगू का?" तिच्याजवळ अर्ज नसतो, दाखला नसतो. आपला शब्द हाच तिचा दाखला. आणि फोन आला की आपण घाईत म्हणतो, "बरी आहे, खाडे फार करते." चार वर्षांत तिनं आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण येऊ दिला नाही, पाणी गाळून घेतलं, चतुर्दशीला वेळेत आली, ते सांगायचं राहून जातं. खाडे केले ते खरंच. पण अर्धं खरं सांगून आपण तिचं काम घालवलेलं असतं.

आणि खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, असंही नाही. सत्याणुव्रताच्या त्याच पाच अतिचारांत रहोभ्याख्यान आहे, एकांतातली गोष्ट उघड करणं. एखाद्या मुलीबद्दल फोन आला आणि पलीकडच्यानं विचारलं, "घरी सासूशी पटतं का? अजून मूल होऊ द्यायचंय का?" तर आपण सांगायचं, "तिच्या कामाबद्दल विचारा, तेवढं मला माहीत आहे." काम पाहिलेलंच नसेल तर तेही सरळ सांगावं, "मुलगी ओळखीची आहे, पण कामाचा मला अनुभव नाही." यात कोणाची निंदा नाही आणि खोटंही नाही. मी अकरा वर्षांपूर्वी एवढं जरी म्हटलं असतं तरी खूप होतं.

काही जणी म्हणतील, मोठ्या माणसाच्या शब्दाशिवाय जगात काही होत नाही. ओळखीनं जागा रिकामी असल्याचं कळलं, यात गैर काहीच नाही. या शाळेतल्या जागेची बातमी आम्हालाही बस्तीतच कळली. पण बातमी देणारा वेगळा आणि कामाची साक्ष देणारा वेगळा. अध्यक्षांच्या नावावर मिळालेल्या खुर्चीत बसून रोजचा ताळेबंद मात्र तिलाच जुळवायचा आहे.

मागच्या आठवड्यात शाळेतून खजिनदार बाईंना फोन आला. त्यांनी संध्याकाळी बस्तीत येऊन मला सगळं सांगितलं. शाळेनं विचारलं, कामात कशी आहे? त्या म्हणाल्या, "जरा सावकाश करते. पण तिचा हिशेब मला कधी परत तपासावा लागला नाही."

सुनेला हे कळलं तेव्हा 'सावकाश' ऐकून तिचा चेहरा उतरला. मला विचाराल तर मला फार बरं वाटलं. त्या बाईंनी माझ्यासारखं 'डोळे झाकून ठेवा' म्हटलं नाही.

अजून निकाल आलेला नाही. जागा मिळाली नाही तर दुसरीकडे अर्ज करू, नावं हीच दोन राहतील. त्या रागीट अकाउंटंटना तिनं परवा स्वतःहून फोन करून आभार मानले. ते म्हणाले म्हणे, "व्हाउचर नीट लाव."

जय जिनेंद्र.